उतईच्या दिवसाची बाजी

१

हुडको कॉलनीतल्या त्या घरात दुपारी तीनला बुद्धिबळाचा पट मांडला जायचा आणि साडेतीनच्या आत नत्थूजी कापगते हरलेले असायचे. शाळा सुरू झाल्यापासून हा नेम चालला होता आणि नत्थूजींना त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. नात अकरा वर्षांची, आजा अडुसष्टचा. हरवते तर हरवू दे, असा त्यांचा हिशेब.

उन्नती शाळेतून यायची, आजीच्या हातचा वरणभात खायची, हात युनिफॉर्मलाच पुसायची आणि मधल्या खोलीत खिडकीशी टीपॉय ओढून मोहरे मांडायची. नत्थूजी पलंगाच्या कडेला बसत, ती प्लास्टिकच्या स्टुलावर. बाजी संपली की पुन्हा बाजी. पाच वाजेपर्यंत ती त्यांचीच असे.

या दोन तासांवर म्हाताऱ्याचा एवढा जीव का, ते सांगायला हवं. छत्तीस वर्षं त्यांनी स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट ड्युटी केली होती. फर्स्ट, सेकंड, नाइट, पुन्हा फर्स्ट. मुलगा प्रवीण लहानाचा मोठा झाला तो झोपलेला बाप पाहूनच. "बाबा झोपले हायेत, आवाज करू नोको," एवढीच त्या दोघांची ओळख. बापलेकांत कॅरमचा एक डावसुद्धा कधी झाला नाही. आता प्रवीण रेल्वेत लागला होता आणि त्याचीही ड्युटी वेळीअवेळी. म्हणजे देवानं नत्थूजींना दुसरी संधी दिली होती ती नातीच्या रूपानं, आणि ती त्यांना सोडायची नव्हती.

दिवाळी झाली आणि सून निशानं विषय काढला.

"मामाजी, राग नका मानू. तिचे चेसचे सर म्हनत होते, पोरीले घरी टक्करचं कोनी खेळनारं पाह्यजे, नाही तं तिचा खेळ मागं पडन. जानेवारीपासून तिले तीन ते पाचच्या क्लासले टाकून देऊ म्हनते."

"टाक ना. चांगलंच हाये," नत्थूजी म्हणाले. आणि त्या दिवशी आवडीची वांग्याची भाजी त्यांनी अर्धी टाकली.

दुसऱ्या दुपारी पट मांडण्याआधी त्यांनी नातीपुढे चक्क हात जोडले. "बेटा, मले शिकव."

उन्नतीनं गंभीर चेहरा केला. मास्तरीण व्हायला कोणाला आवडत नाही?

"आबाजी, तुमी फक्त शह देता."

"मंग? शह द्याले नाही पाह्यजे का?"

"शह देके होता क्या है? मेरा राजा सरक जाता है, और आपका वजीर फँस जाता है. लिहून घ्या. पहिला नियम. चाल खेळायच्या आधी विचारायचं, समोरच्याले काय पाह्यजे?"

नत्थूजींनी कपाटातून प्लांटमधलं एक कोरं रजिस्टर काढलं आणि नियम पहिला लिहून घेतला. उन्नतीनं शेजारच्या पानावर त्या दिवसाची तारीख टाकून निकालही लिहिला. आबाजी हरले, दोनदा.

२

दुसरा नियम नत्थूजींना फार आवडला. हल्ला सुचत नसेल तर उगाच हल्ला करू नये. आपल्या मोहऱ्यांत सगळ्यात वाईट जागी कोण बसलंय ते पाहावं आणि त्याला बरी जागा द्यावी. बस्स. अशी चाल दिसायला काहीच नसते. समोरच्याला वाटतं, म्हातारा वेळ काढतो आहे. आणि अशा पाचसहा शांत चाली झाल्या की समोरच्याला एकाएकी श्वास घ्यायला जागा उरत नाही.

"हे तं आमच्या मिलवानीच झालं," नत्थूजी खूश होऊन म्हणाले. कोपऱ्यात अडकलेला उंट त्यांनी एक चौकोन मागे घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा चाळीस चाली टिकले.

त्यानंतर चारपाच दिवसांनी सकाळी ते फिरून आले तर मधल्या खोलीत उजेड होता. हे घर घेतल्यापासून तिथलं लोखंडी कपाट अर्ध्या खिडकीवर उभं होतं. ते आता समोरच्या भिंतीला गेलं होतं आणि हिवाळ्याचं कोवळं ऊन थेट टीपॉयवर पडत होतं.

"वा," नत्थूजी म्हणाले. "कोनं केलं?"

मैनाबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. नवऱ्याची थट्टा करणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा छंद होता. "तुमी तं नाहीच केलं असन. तुमाले तं पान्याचा गिलास उचलाले जड जाते. प्रवीणनं केलं असन."

प्रवीण काल संध्याकाळपासून ड्युटीवर होता. निशाला वाटलं होतं, मामाजींनी शेजारच्यांना बोलावून घेतलं. नत्थूजी कपाटाजवळ गेले आणि त्याला खांदा लावून पाहिला. आत गाद्या, रजया, पितळेची भांडी होती. कपाट तसूभरही हललं नाही. फरशीवर ओढल्याची रेघही नव्हती.

"कोनं का केलं असन, चांगलं केलं," मैनाबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. त्या दुपारी पटावर ऊन होतं आणि काळ्यापांढऱ्या मोहऱ्यांच्या लहान लहान सावल्या पडल्या होत्या. नत्थूजी हरले, पण पाऊण तासानं.

३

मग पलंग गेला. नत्थूजींचा पलंग मधल्या खोलीतून पुढच्या खोलीत आला, दारासमोरच्या हवेशीर जागी. निशाला वाटलं सासूबाईंनी हलवला, सासूबाईंना वाटलं निशानं. दोघींनी एकमेकींचं कौतुक केलं. त्या घरात सासवासुना एकमेकींचं कौतुक करतात हे ऐकून नत्थूजींनाही बरं वाटलं, त्यामुळे त्यांनी जास्त खोलात जायचं टाळलं.

त्यांची औषधांची डबी पुढच्या खोलीतल्या फळीवर आली. आता ती शोधावी लागत नसे. कपड्यांची खुंटी दाराजवळ आली. रेडिओ व्हरांड्यात आला, तिथे आवाज स्वच्छ लागायचा. कुठलीच गोष्ट आधीपेक्षा वाईट जागी गेली नाही. घरात चिडचिड कमी झाली, निशा गुणगुणत डबे भरू लागली, मैनाबाईंची कंबरही म्हणे कमी दुखू लागली.

एकच गैरसोय झाली. पलंग गेल्यामुळे नत्थूजींना पटापुढे स्टुलावर बसावं लागे आणि पाठ भरून यायची.

खेळ मात्र सुधारत होता. तिसरा नियम उन्नतीनं शिकवला, की असा एक चौकोन शोधायचा जिथून आपल्या घोड्याला कुठलंच प्यादं हुसकावू शकणार नाही. तिथे घोडा बसला की अर्धी बाजी झाली. "एकदम आरामसे बैठता है वो, आबाजी. कोनी उठवूच शकत नाही त्याले."

एक दिवस उन्नती शाळेच्या कार्यक्रमासाठी थांबली होती. नत्थूजी एकटेच पटापुढे बसून कालची बाजी पुन्हा खेळून पाहत होते. मैनाबाई चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कप होते. एक त्यांनी नत्थूजींपुढे ठेवला आणि दुसरा पटाच्या पलीकडच्या बाजूला.

"हा कोनाले?"

मैनाबाई थबकल्या. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आवो, सवय झाली हाताले. तुमी दोघं बसता ना."

"पोरगी तं चहा पेत नाही."

"हो ना," मैनाबाई म्हणाल्या, हसल्या, आणि आत निघून गेल्या. कप तिथेच राहिला. नत्थूजींनी आपला चहा पिता पिता बराच वेळ त्या कपावरची वाफ पाहिली. मग त्यांना हसू आलं. म्हातारपणी दोघांचंही विसरणं एकदमच सुरू झालं म्हणायचं. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. टक. लाकडावर लाकूड ठेवल्याचा, हलक्या हातानं.

मांजर असेल, असं त्यांनी ठरवलं.

४

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नत्थूजी जवळच्या उतई गावाला गेले. मिलमधले जुने सोबती शामराव तिथे राहत आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी नऊला ऑटोनं निघाले. शामरावांच्या अंगणात दिवसभर बसले, जेवले, मिलमधल्या सगळ्या साहेबांना नावं ठेवून झाली. परतायला संध्याकाळचे सात वाजले. उन्नती आईबरोबर बाजारात गेली होती आणि आली ती पेंगतच. त्या दिवशी बाजी बुडाली याची नत्थूजींना चुटपुट लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना उन्नतीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"आबाजी, कल आपने क्या खेला यार!"

"काल? काल कुठं खेळलो मी?"

"भाव नका खाऊ. तो उंट मागे नेला ना, मले समजलंच नाही कावून नेला. दस चाल बाद समझ में आया." तिचे डोळे चमकत होते. "असं खेळत जा ना रोज. मजा येते."

ऑटोचा हॉर्न वाजला आणि ती पळाली. नत्थूजी गेटपाशी हसत उभे राहिले. परवाचं सांगते आहे पोर, ते स्वतःला म्हणाले. मुलांना काल आणि परवा यांत कुठला फरक.

पण परवा त्यांनी उंट मागे नेला नव्हता. परवा त्यांचा उंट नवव्या चालीलाच मेला होता.

५

त्यांनी रजिस्टर काढलं. उन्नतीच्या गोल अक्षरात कालची तारीख होती. पुढे लिहिलं होतं, 'आबाजी आणि उन्नती. बरोबरी.' शेजारी तिनं पेन्सिलनं चांदणी काढली होती. त्यांच्या नावापुढे चांदणी येण्याची ती पहिलीच वेळ.

माणूस अशा वेळी आधी स्वतःवर संशय घेतो. नत्थूजींनी उतईचा दिवस पहिल्यापासून आठवून पाहिला. शामरावांच्या गुडघ्यांवरचे टाके, सुनेनं केलेलं पिठलं, परतताना ऑटोत शेजारी बसलेला कोंबडीवाला. खिशात शामरावांनी बळेच दिलेला पेरू अजून होता. ते उतईला गेले होते यात शंका नव्हती.

मैनाबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. नत्थूजी जाऊन शेजारी बसले.

"काल मी घरी होतो का वो?"

"काहो, भांग पेले का? काल तं उतईले गेलते तुमी. शामरावभाऊचे गुडघे कसे हायेत ते सांगतलंच नाही."

"बरे हायेत." नत्थूजींना हायसं वाटलं. "मंग काल दुपारी उन्नती कोनासंग खेळली?"

"तुमच्यासंग."

"आन चहा?"

"दिला ना तुमाले. साखर कमी झाली म्हनले तुमी." मैनाबाईंनी खडा वेचून फेकला. "आन शामरावभाऊ चालतेत का आता, का काठी लागते?"

त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखानं बसल्या होत्या. नत्थूजींनीही एक खडा वेचला. बायकोला घाबरवून काय मिळणार होतं? आणि खरं सांगायचं तर त्यांना भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. उन्नतीनं गळ्यात हात टाकले होते ते त्या बाजीसाठी. ती बाजी त्यांची नव्हती.

६

त्या दिवशी पट मांडण्याआधी नत्थूजींनी रजिस्टरच्या मागच्या पानावर घराचा नकाशा काढला. पुढे व्हरांडा, मग पुढची खोली, मधली खोली, बाजूला स्वयंपाकघर, शेवटी मागची खोली. मग महिन्याभरात जे जे हललं त्याचे बाण काढले, एखाद्या बाजीतल्या चाली लिहाव्यात तसे.

सगळे बाण एकाच दिशेला होते. पलंग, खुंटी, औषधं, रेडिओ. सगळं मागून पुढे, गेटाकडे. निशाची एक वस्तू हलली नव्हती, मैनाबाईंचा एक डबा हलला नव्हता. हलल्या होत्या त्या फक्त नत्थूजींच्या वस्तू. कपाट त्यांचं एकट्याचं नव्हतं, पण तेही मागच्या खोलीच्या दाराचा रस्ता मोकळा करून गेलं होतं.

समोरच्याला काय पाहिजे?

हे सगळं खुळेपणाचं आहे हे त्यांना कळत होतं. छत्तीस वर्षं यंत्रांत घालवलेला माणूस होता तो, भुताखेतांच्या गोष्टींना त्यांच्या मिलमध्ये कोणी विचारत नसे. तरी ते उठले आणि मागच्या खोलीत गेले.

ती अडगळीची खोली. तिथे जुना कूलर, प्रवीणची सायकल, तांदळाचे कट्टे असायचे. आता काहीच नव्हतं. फरशी पुसल्यासारखी स्वच्छ. बरोबर मध्ये हातांची एक लाकडी खुर्ची होती, दाराकडे तोंड करून. दारातून मधल्या खोलीतला टीपॉय सरळ दिसत होता, आणि उन्नतीचं स्टूलही. नत्थूजी ही खुर्ची निशाच्या माहेरची समजत. आता त्यांना आठवलं की निशानं एकदा त्यांनाच विचारलं होतं, मामाजी, ही खुर्ची तुमची जुनी हाये ना?

त्यांनी खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. बैठक ऊबदार होती.

ऊन येत असेल, असं म्हणायला त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मागच्या खोलीला खिडकी नव्हतीच.

नत्थूजींनी हात झटकन मागे घेतला. पण ते पळाले नाहीत, आणि त्यामागे नातीची शिकवण होती. चौथा नियम परवाच लिहून घेतला होता. समोरच्याला जो चौकोन हवा आहे, त्यावर आपलाच मोहरा आधी बसवायचा. मग तो कितीही हुशार असो, त्याला यायला जागाच नाही. नत्थूजींनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, मधल्या खोलीत आणली आणि पटापुढे ठेवली. मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली. मग स्वतः खुर्चीत बसले. पाठ छान टेकली.

"आता ये," ते हळूच म्हणाले. आपण मोठी हुशारीची चाल खेळलो असं त्यांना वाटलं. निशा येताजाता पाहून गेली आणि म्हणाली, "हे बेस झालं मामाजी. कवाची म्हनून राह्यली होती मी, खुर्ची घ्या म्हनून."

७

त्या दुपारची बाजी नत्थूजींच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बाजी होती. त्यांनी एकही शह दिला नाही. हत्ती मोकळा केला. प्यादं एक घर पुढे सरकवून थांबले. घोडा फिरत फिरत पटाच्या मध्यावर आणला आणि तिथे बसवला, जिथून त्याला कोणी उठवू शकत नव्हतं. उन्नती वेणी चावत विचार करत होती. पलीकडे स्वयंपाकघरात फोडणीचा वास सुटला होता. नत्थूजी इतके सुखात होते की मागच्या खोलीची कडी त्यांच्या डोक्यातून पार गेली.

"आबाजी," उन्नती म्हणाली, "आज तुमी जिंकणार बहुतेक."

तेव्हा डाव्या खांद्यामागे कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवल्याचा भार नत्थूजींना जाणवला.

ज्यांनी मिलमध्ये काम केलं नाही त्यांना पुढचं पटणार नाही. पल्पिट म्हणजे मिलच्या वर टांगलेली काचेची केबिन. खालून लालभडक लोखंड धावत असतं आणि ऑपरेटरचे दोन्ही हात लिव्हरवर असतात. नजर हलवायची सोय नसते. त्याला सोडवणारा रिलीव्हर येतो तो मागून, डाव्या बाजूनं, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो. बसलेल्यानं मान वळवायची नाही. दोन वाक्यांत हालहवाल सांगायचा आणि उजवीकडून उठायचं. डावीकडून दुसरा बसतो. कित्येकदा आठ तासांचा चार्ज असा दिला जातो आणि कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. नत्थूजींनी हे छत्तीस वर्षं केलं होतं.

"सब नॉर्मल," नत्थूजी म्हणाले. "घोडा बैठ गया है. जल्दी मत करना."

आणि उजवीकडून उठले.

चालत चालत ते पुढच्या खोलीत आले, शिफ्ट सुटल्यावर होतात तशी त्यांची पावलं हलकी होती. खुंटीवरचा मफलर घ्यायला त्यांनी हात वर केला आणि मग कळलं आपण काय केलं.

मधल्या खोलीच्या दाराला पडदा होता, फरशीपासून वीतभर उंच. आतून टक असा आवाज आला. मग उन्नतीचं हसणं, खळखळून. "अरे वा आबाजी! क्या चाल है!"

नत्थूजी वाकले. पडद्याखालून उन्नतीचे शाळेचे पांढरे मोजे दिसले, मजेत हलत होते. समोर खुर्चीखाली दोन अनवाणी पाय होते, एकावर एक टाकलेले. पायजमा वर सरकला होता आणि डाव्या घोट्यावर पोळल्याचा पांढरा डाग होता. सत्याऐंशी साली मिलमध्ये नत्थूजींच्या पायावर ठिणगी उडाली होती, तोच.

नत्थूजींनी आपला पायजमा वर करून पाहिला. त्यांचा घोटा कोरा होता.

८

पडदा बाजूला करून आत जावं, ओरडावं, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. हात पडद्यापर्यंत गेलाही होता. पण आत पोरगी हसत होती. आणि छत्तीस वर्षांची सवय आडवी आली. चार्ज दिलेल्या माणसानं पुन्हा लिव्हरला हात लावायचा नसतो. आठ तासांनी त्यालाही कोणीतरी सोडवेलच, असा हिशेब करून नत्थूजी व्हरांड्यात बसले. अकरा वाजेपर्यंत बसले. मग मैनाबाईंनी पुढच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं, पायांवर रजई ओढली आणि आत जाऊन कोणाशी तरी हळू आवाजात बोलत राहिल्या.

घरात कुणालाच काही कमी पडलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. नत्थूजींना व्हरांड्यात वेळेवर चहा येतो, साखर बरोबर असते. ऊन सकाळी अकरापर्यंत पायांवर असतं. जाणारेयेणारे राम राम करतात. निशानं क्लासचा विचार सोडून दिला. "मामाजी एवढे बेस खेळून राह्यले, तं क्लास कायले पाह्यजे?" असं ती फोनवर आईला सांगत होती आणि नत्थूजींनी ते ऐकलं. जानेवारी आला, गेला. तीन ते पाच उन्नती घरीच असते. नत्थूजींना जे हवं होतं ते झालं, आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं की त्यांना खरंच समाधान वाटतं. पुष्कळदा वाटतं.

फेब्रुवारीत एका दुपारी ऑटो गेटाशी थांबला आणि उन्नती धावत आली. दप्तर एका खांद्यावर, हातात कागद, चेहरा लाल झालेला. तिची शाळेच्या संघात निवड झाली होती.

"आबाजी! आबाजी, मेरा सिलेक्शन हो गया!"

नत्थूजी उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"आलो, बेटा," आतून त्यांच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, आणि खुर्ची सरकली.

उन्नती त्यांच्या पसरलेल्या हाताखालून पळत घरात गेली. तिच्या दप्तराचा पट्टा त्यांच्या गुडघ्याला घासला आणि पाण्याची बाटली निसटून पायरीवर पडली. नत्थूजींनी हात खाली घेतले. मग त्यांनी वाकून बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि ती तिच्या हाताला लागेल अशी खिडकीत ठेवली.